मागच्या भिंतीचा विषय

माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या घरात सगळे 'रेकॉर्ड' म्हणतात, आणि हे नाव मीच ठेवलेलं आहे. ती कोर्टात टायपिस्ट आहे. साक्षीदार बोलतो, वकील ओरडतो, न्यायाधीश मध्येच काहीतरी पुटपुटतात, आणि ताई मान खाली घालून ते सगळं उतरवून घेते. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाचं काय होतं ते आमच्याकडे येऊन बघावं. मी म्हणावं, "मी असं म्हटलंच नव्हतं," की ही लगेच सांगणार, "तू गॅसपाशी उभी होतीस, हातात झारा होता, आणि अस्सं म्हणालीस." पुढे माझंच वाक्य, माझ्या अडखळण्यासकट. तिच्याशी भांडून आजवर कोणी जिंकलेलं नाही.

तिचा एक पक्का समज होता. जे रेकॉर्डवर नाही, ते झालंच नाही. कोर्टात ते खरंही असतं. न्यायाधीश म्हणाले "हे घेऊ नका", की ताईची बोटं थांबतात आणि ते वाक्य जगातून जातं. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही ते तिने कधी रेकॉर्डवर आणलं नाही, म्हणून मीही विचारत नाही.

आई गेल्यापासून बाबा तिच्याकडेच असतात. बाबांनी आयुष्यभर बस चालवली आणि त्यांचे गुडघे क्लचने खाल्ले. भाड्याची जागा दुसऱ्या मजल्यावर होती. बाबा खाली उतरायचे ते फक्त डॉक्टरकडे जायला, आणि वर चढताना प्रत्येक वळणावर थांबून "शेवटचा स्टॉप, उतरून घ्या" असं म्हणत हसायचे. ते हसणं ताईला बघवेना. तिने ठरवलं, स्वतःचं घर घ्यायचं आणि तळमजल्यावरच घ्यायचं.

घरं बघायला मी बरोबर असायची. मी ओटा बघायची, नळ सोडून बघायची, कपाटं उघडायची. ताई मात्र एजंटला पहिलाच प्रश्न विचारायची, "सोसायटीच्या मिटिंगची मिनिट्स बघायला मिळतील का? सगळी?"

एजंट हसला होता. "ताई, लोक पाणी किती वेळ येतं ते विचारतात हो."

"लोक विचारू देत," ताई म्हणाली.

ज्या सोसायटीत तिने शेवटी घर घेतलं, तिथले सेक्रेटरी म्हणजे औषधाचं दुकान मुलाच्या हवाली करून घरी बसलेले एक गृहस्थ. बोलणं इतकं मऊ, की आपल्याला ताप आहे आणि ते आपल्याला गोळी देताहेत असं वाटावं. त्यांनी आनंदाने सगळ्या वह्या काढून दिल्या, वर चहा पाजला. ताई सोसायटीच्या ऑफिसात बसून सकाळभर वाचत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता. जिन्यातले दिवे कधी बदलले, मांजरांना कोण खाऊ घालतं, कुणाच्या कुंडीतलं पाणी कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडलं, सगळं तारीखवार लिहिलेलं.

"ज्यांनी कुंडीचं पाणीसुद्धा लिहून ठेवलंय, ते काही लपवणार नाहीत," ती मला परतताना म्हणाली. मलाही पटलं. मला ओटा आवडला होता.

इमारतीच्या मागे काय आहे हे बघायचं तर मागे जावं लागतं, एवढी साधी अक्कल दोघींपैकी एकीलाही सुचली नाही. आम्ही मागच्या खोलीच्या खिडकीतून बघितलं, तर समोर हिरवीगार वेल. आम्ही म्हटलं, वा, बाबांना हिरवळ दिसेल. वेल कशावर चढली आहे ते कोणी बघितलं? इमारतीमागची जमीन उंच आहे. वरून रस्ता जातो. त्या जमिनीची माती अडवायला मजलाभर उंचीची भिंत बांधलेली आहे, आणि ती खिडकीपासून हातभर अंतरावर आहे.

मागची खोली बाबांना दिली, कारण बाबांना लागणारं कमोडचं बाथरूम त्या खोलीला लागून होतं. बाबा खूश होते. पहिल्यांदाच स्वतःहून, काठी टेकत, फाटकापर्यंत जाऊन यायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला "काय, आज उशीर?" असं विचारायला लागले. मी आठवड्याला जायची तेव्हा खिडकीच्या कठड्यावर बारीक माती दिसायची. मी पुसायची. पुढच्या खेपेला पुन्हा असायची.

"मागे कोणीतरी डाळ ओततंय," बाबा मला म्हणाले होते. "एका डब्यातून दुसऱ्यात. पाऊस झाला की जास्त ओततं."

मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या वेळी मीही ऐकलं. भिंतीच्या पोटातून यावा तसा, बारीक, थांबून थांबून येणारा आवाज होता.

समोरच्या घरात एक वहिनी राहायच्या. त्यांचं घर म्हणजे ताईच्याच घराचं आरशातलं रूप. मी साखर मागायला गेले तेव्हा दिसलं, की त्यांची मागची खोली सुटकेसनी आणि मोडक्या सायकलींनी भरलेली आहे आणि नवरा-बायको दोन मुलांना घेऊन पुढच्या हॉलमध्ये झोपतात. "एवढी चांगली खोली, तिथे का नाही झोपत?" मी विचारलं.

"मागे दमट असतं हो," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी साखर इतकी भरून दिली की वाटी सांडली.

पुढे सोसायटीची मिटिंग झाली. तिथे काय घडलं ते मला ताईने सांगितलं, म्हणजे शब्दन् शब्द खरं आहे. पार्किंग झालं, टाकी साफ करणं झालं, सेक्रेटरी भराभर लिहीत होते. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन वहीवर आडवं ठेवलं. त्याबरोबर लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"आता मागचा विषय," सेक्रेटरी म्हणाले.

"पोट अजून पुढे आलंय का?" तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी विचारलं. त्यांचं स्वतःचं पोटही काही मागे नव्हतं, पण कोणी हसलं नाही.

"थोडं आलंय. इंजिनिअर येऊन गेला. म्हणतो, वर्षं काढेल, नाहीतर एखाद्या पावसातही येईल. लिहून देऊ का विचारत होता. मी म्हटलं, नको."

"कशाचं पोट?" ताईने विचारलं.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. सेक्रेटरींनी त्यांच्या त्या गोळी देण्याच्या आवाजात सांगितलं, "तुम्ही नवीन आहात. मागची भिंत जरा फुगली आहे. काळजीचं कारण नाही."

"हे तुम्ही वहीत लिहिलेलं नाही."

"हा विषय आपल्याकडे लिहीत नाहीत. लिहिला की येणारं गिऱ्हाईक वाचणार. मग इथली घरं घेणार कोण?"

"मग मला निदान तोंडी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही वह्या मागितल्यात. आम्ही वह्या दिल्या."

माणूस खोटं बोलला नव्हता, हेच ताईला सहन होईना. तिने त्याच संध्याकाळी बाबांचा पलंग पुढच्या हॉलमध्ये आणला आणि मला फोन केला. तिचा आवाज मला ओळखूच आला नाही. "मी बाबांना त्या भिंतीखाली झोपवत होते," एवढंच ती परत परत म्हणत होती.

घर घेताना आपल्याला वाटतं, आपण आपल्या चार भिंती घेतल्या. सोसायटीत घर घेतलं की जिना, टाकी, गच्ची, गटार आणि मागची भिंत यांतलाही वाटा गळ्यात पडतो, आणि त्यांचं काय करायचं ते सगळे मिळून ठरवतात. सगळे म्हणजे बहुमत. आणि बहुमत पुढच्या बाजूला आणि वरच्या मजल्यांवर राहतं. म्हणून माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे, वह्या वाचा, सोसायटीकडे शिल्लक किती आहे तेही विचारा, पण त्याआधी इमारतीला एक चक्कर मारा. समोरच्या घरात डोकवा आणि तिथली माणसं कुठे झोपतात ते बघा. जमलं तर पैसे देण्याआधी एका मिटिंगला जाऊन मागे बसा आणि पेन खाली ठेवल्यावर लोक काय बोलतात ते ऐका.

भिंत नव्याने बांधायची तर ठराव हवा, आणि ठराव मांडायचा तर एक पंचमांश सभासदांच्या सह्या हव्यात. ताई अर्ज घेऊन दारोदार फिरली. एकांनी सांगितलं, आधी बाहेरून रंगाचं काम काढू, इमारत किती वाईट दिसते. तिसऱ्या मजल्यावरचे तर फार प्रेमाने म्हणाले, "अहो, पडली तरी ती आमच्यावर थोडीच पडणार आहे?" आणि तिला बिस्किट दिलं. ताईने ते घेतलं, हे मला अजून पटलेलं नाही. मी असते तर त्यांच्या कपात बुडवून परत दिलं असतं.

सगळ्यात वाईट वहिनींचं झालं. त्यांच्याच मुलांच्या डोक्यावर ती भिंत होती, तरी त्या सही देईनात. त्यांचं घर विकायला काढलेलं होतं. "ताई, थोडे दिवस गप्प बसा हो," त्यांनी हात धरून विनवलं. "आमचं विकलं गेलं की मी स्वतः येऊन सही करते."

"विकल्यावर तुमच्या सहीचं मी काय करू?" ताई म्हणाली.

मी ताईला म्हटलं, तूही विकून मोकळी हो. सगळे तेच करताहेत.

"कोणाला विकू?"

"कोणालाही!"

"आणि मग त्या खोलीत कोण झोपेल?"

मी चिडले. दोन दिवस फोन केला नाही.

मग पावसाने ठाण मांडलं. ताई कोर्टात जायची तेव्हा बाबांजवळ बसायला मी जायला लागले. बाबा हॉलमध्ये असायचे, पण बाथरूमसाठी मागच्या खोलीतून जावं लागायचं. ते आत गेले की मी हातातलं काम टाकून दारापाशी उभी राहायची आणि ते बाहेर येईपर्यंत हलायची नाही. आपलं घर आणि आपणच चोरासारखं कान देऊन उभं राहायचं, असले ते दिवस होते.

त्या दुपारी बाबा आत गेले आणि सवयीने खोलीचं दार ओढून घेतलं. बसचं दार लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही त्यांची जन्मभराची सवय. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर कुणी भरलेलं पोतं टाकावं तसा दबका आवाज झाला. दाराच्या चौकटीवरून चुना माझ्या केसांत पडला.

"बाबा, कडी काढा!"

"कडी लावलेलीच नाही गं."

मी दार ढकललं. हलेना. चौकटीचा वरचा कोपरा वाकडा झाला होता आणि दार त्यात आवळून बसलं होतं. आतून तो डाळ ओतल्याचा आवाज येत होता, आणि आता तो थांबत नव्हता. मी खांदा मारला, लाथ मारली, आणि आतून बाबांचा आवाज आला, अगदी शांत, गाडी बंद पडल्यावर प्रवाशांशी बोलायचे तसा. "उगाच हात दुखवून घेऊ नकोस. माणसं बोलव. मी पलंगाच्या जुन्या जागी, दाराजवळ उभा आहे."

मी ओरडत बाहेर धावले. वहिनी आल्या, तिसऱ्या मजल्यावरचे आले, वॉचमनने पहार आणली, आणि सेक्रेटरीही आले. खरं सांगायचं तर सगळ्यात आधी खांदा लावला तो सेक्रेटरींनी. त्यांचा चष्मा पडला, पायाखाली फुटला, तरी ते ढकलत राहिले. बिजागऱ्या उखडल्या आणि दार आत पडलं. बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते, घोट्यापर्यंत चिखल. खिडकीचे गज आत वाकले होते आणि वेलीची पानं खोलीत आली होती. भिंतीचा वरचा भाग माती घेऊन सुटला होता. बाकीची भिंत अजून तिथेच उभी होती, आमच्याकडे झुकून.

बाबांना खुर्चीत घालून बाहेर आणलं. ते म्हणाले, "आता वेलीला पाणी घालायला बाहेर जायला नको." आणि मग पायजम्यावरचा चिखलाचा एकच डाग ते कितीतरी वेळ पुसत राहिले. मी बाबांना घाबरलेलं त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

वाटेल कोणालाही, आता तरी डोळे उघडले असतील. उघडले ना! जिन्यातला दिवा बदलायला महिना घेणाऱ्या सोसायटीने दोन दिवसांत चिखल उचलला, भिंतीला लाकडी टेकू लावले आणि वेल पुन्हा पसरवून बांधली. "जी माती यायची होती ती आली," तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले. "ताण गेला." वहिनींनी दाराला नवा रंग लावला.

बाबांना आम्ही माझ्याकडे आणलं. माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमच्या ह्यांनी आणि दिरांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. या वेळी बाबा वळणांवर काही बोलले नाहीत. ताईला मी म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, मी तिथून हलले की पेनाला पुन्हा टोपण लागेल.

पुढच्या रविवारी मी बाबांचे कपडे न्यायला ताईकडे गेले होते. समोर वहिनींकडे घर बघायला एक जोडपं आलं होतं, बरोबर वॉकर धरून चालणारी नवऱ्याची आई. सेक्रेटरी नव्या चष्म्यात दारात उभे होते. ती तरुण बाई नीटनेटकी होती, सगळं विचारून घेणारी. "आम्हाला तळमजलाच हवा होता, सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे," ती सांगत होती. "आणि इथली मिनिट्स मी सगळी वाचली. फार चोख आहेत."

मग तिने ताईकडे बघितलं. "तुम्ही इथेच राहता ना? कसं आहे इथे?"

वहिनींनी पदर तोंडाशी धरला होता. सेक्रेटरी ताईकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत दटावणी नव्हती, भीती होती. मला कळत होतं, ताई आता जे बोलेल त्याने वहिनींचंच नाही, तिचं स्वतःचंही घर कायमचं तिच्या गळ्यात राहील. सगळी पुंजी त्या घरात होती. तिच्या ओठांवर घाम आलेला मला दिसला.

"आत या," ताई म्हणाली. "चपला राहू द्या, आत माती आहे."

तिने त्यांना हॉलमधून मागच्या खोलीत नेलं. उखडलेली चौकट, वाकलेले गज आणि टेकू दाखवले. काही समजावून सांगितलं नाही. फक्त बोट ओठांवर ठेवून त्यांना उभं केलं. आमच्यातलं कोणीच बोलत नव्हतं, म्हणून तो आवाज सगळ्यांना नीट ऐकू आला. म्हातारीने सुनेचा हात घट्ट धरला. ती माणसं चहा न घेता गेली.

वहिनी ओरडल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. "आमची मुलं त्या घरात आहेत हो ताई. तुम्हाला काय मिळालं?"

"मुलं आहेत म्हणूनच," ताई म्हणाली, आणि त्यांच्याशेजारी बसून तीही रडली. माझी बहीण चारचौघांत रडताना मी पहिल्यांदाच पाहिली.

बातमी एजंटांमध्ये पसरायला वेळ लागत नाही. घर बघायला कोणी येईनासं झालं. विकून पळायची वाट बंद झाली, तेव्हा लोकांना आठवलं की आपण इथेच राहणार आहोत. पहिली सही वहिनींची आली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनीही केली, त्यांनाही घर विकून मुलीजवळ जायचं होतं म्हणे. ठराव झाला, वहीत आला, इंजिनिअरने लेखी अहवाल दिला. पण त्याने एक गोष्ट सांगितली. ओली माती आता उकरली तर सगळंच खाली येईल. काम पाऊस पूर्ण थांबल्यावर. तोवर टेकूंवर भरवसा ठेवायचा आणि पुढच्या खोल्यांत राहायचं.

पाऊस अजून चालू आहे. दिवसभर बाबा माझ्याकडे ठीक असतात, पेपर वाचतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. ताई कोर्टात आहे हे त्यांना माहीत असतं. संध्याकाळ व्हायला लागली की ते खिडकीजवळची खुर्ची धरतात आणि फोन मांडीवर ठेवतात. मीही कणीक मळता मळता घड्याळाकडे बघत असते. मग फोन वाजतो आणि ताई म्हणते, "बाबा, घरी पोचले."

लोकांकडे एवढं ऐकलं की जीव भांड्यात पडतो. आमच्याकडे तो तिथून टांगणीला लागतो.